नोकरी गेली, मग आता मी कोण? बेळगाव सीमाभागातल्या लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पेपरची पानं लावणारे, लग्नाचे अल्बम करणारे, फ्लेक्स डिझाइन करणारे, केबल चॅनेलच्या बातम्या एडिट करणारे, जाहिरातीच्या ओळी लिहिणारे पुष्कळ लोक आहेत. 2020 साली माझी पानं लावायची नोकरी गेली. बावीस वर्षांची होती. तेव्हापासून यातले बरेच जण मला फोन करतात. सुरुवातीला पीएफचं विचारतात, फॉन्टचं विचारतात, आणि फोन ठेवता ठेवता खरं काय ते विचारतात. ते खरं काय ते इथे एकत्र केलंय. मी समुपदेशक नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

“काय करूलास सध्या?” असं कुणी विचारलं की काय सांगू?

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसतं. आपल्याकडे ओळख म्हणजे पत्ता. कुणाचा, कुठल्या गल्लीतला, कुठं असतो. “पेपरात असतो” म्हटलं की लगेच पुढचं वाक्य यायचं, “मग आमची एक बातमी लाव की.” त्या ‘की’मध्ये जी ऊब होती ती माझी होती का पेपरची, हे मला सहा महिने ठरवता आलं नाही. गणपत गल्लीतून जाणं मी बंद केलं. वडगावात एका लग्नाला गेलो तर मुद्दाम शेवटच्या पंगतीला बसलो, म्हणजे ओळखीचे लोक जेवून गेलेले असतील.

मग मी एक उत्तर तयार केलं, “फ्रीलान्स करतो.” त्यातलं ‘फ्री’ तेवढं आमच्या मामांना ऐकू आलं आणि त्यांनी नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर सांगितला.

आता मी वेगळं सांगतो. पूर्वी उत्तर नामाने द्यायचो, ‘उपसंपादक’. आता क्रियापदाने देतो. पानं लावतो, प्रुफं बघतो, पत्रिका करतो. हे खरं असतं, आणि त्यावर पुढचा प्रश्न “कुठं?” असा न येता “कसले कसले?” असा येतो. दुसऱ्या प्रश्नातून एखाद वेळेस कामही मिळतं.

काढलं म्हणू, की मीच सोडली म्हणू?

लोकांना काय वाटेल ते सांगा. कागदावर मात्र नीट बघून सही करा, कारण तिथे या दोन शब्दांमध्ये पैसे असतात. बऱ्याच ठिकाणी बोलावून घेतात, चहा देतात आणि सांगतात, “राजीनामा लिहून दे, तुझंच नाव चांगलं राहील.” मीही लिहून दिला. नाव राहिलं, भरपाई गेली. कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला किमान वर्षभर सलग नोकरीनंतर कपात म्हणून काढलं तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई आणि नोटीस किंवा नोटिशीचा पगार मिळतो. पत्रकार त्या व्याख्येत येतात. स्वतःहून राजीनामा दिला की ही भरपाई मिळत नाही.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाही. सलग 5 वर्षं झालेली हवीत, पत्रकाराला 3. हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळवायचा, त्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. समजा ती रक्कम 26,000 आणि नोकरी 10 वर्षं, तर 1,50,000 रुपये. कुणी “आपल्याकडे तशी पद्धत नाही” म्हणालं तर कामगार खात्याच्या कचेरीत जा. अर्ज कन्नडमधून चांगला लिहिणाऱ्याकडून लिहून घ्या, टेबलावरून तो लवकर पुढे सरकतो.

हे सगळं या पानावर कशाला, असं एकाने विचारलं होतं. कारण हक्काचा पैसा मागायलाही लाज वाटते. आपण कमी पडलो म्हणून काढलं, आता वर पैसे कुठल्या तोंडाने मागायचे, असं वाटतं. मलाही वाटलं. ग्रॅच्युइटीचा चेक हातात आला त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाची मोजणी कुणीतरी आकड्यात करून दिल्यासारखं वाटलं.

दिवस कसाही जातो, संध्याकाळ जात नाही. काय करू?

पेपरवाल्यांचा हा खास आजार. आमचा दिवस संध्याकाळी पाचला सुरू व्हायचा आणि रात्री एकला शेवटचं पान सोडलं की संपायचा. नोकरी गेली तरी अंगातलं घड्याळ तसंच चालतं. पाच वाजले की पाय बूट शोधतात. रात्री एक वाजता मी अंथरुणात पडून मथळे जुळवत असायचो, कुठल्याच पानासाठी नव्हे.

मी गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात जायला लागलो. ही संस्था 1848 ची आहे, म्हणजे तिथे बसून अस्वस्थ होणारा मी काही पहिला नसणार. सगळे पेपर वाचायचो आणि चुकांखाली पेन्सिलीने रेघ मारायचो. आठवड्याभरात तिथल्या बाईंनी पकडलं. “पेपर तुमच्या घरचा हाय काय?” म्हणाल्या. बरोबरच होतं. पण जाताना त्यांनी विचारलं, “एवढ्या चुका दिसतात होय तुम्हाला?” महिन्याभराने त्यांच्या भाचीचा प्रबंध माझ्याकडे प्रुफाला आला. नोकरीनंतरचं ते पहिलं पैशाचं काम. पानामागे दहा रुपये मी मागितले, त्यांनी पंधरा दिले.

तर पाच वाजता घराबाहेर पडा, एवढंच. कुठे जायचं ते तुमचं तुम्ही बघा. गोव्याच्या दिशेने निघणारे मित्र असतील तर त्या वेळेला त्यांना टाळा.

कन्नड कामं घेऊ का? घरात बोलणी बसतात.

हा प्रश्न पुण्यात कुणाला पडायचा नाही. इथे मात्र नोकरी गेलेल्या दहांतल्या सात-आठ जणांच्या मनात तो असतो, आणि अर्धे तरी तो विचारत नाहीत.

1956 च्या 1 नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. तेव्हापासून आपल्याकडे मराठीत लिहिणं-छापणं ही नुसती नोकरी राहिली नाही, एक बाजू झाली. मराठी पेपरात पान लावणारा माणूस पगारही घ्यायचा आणि आपण काहीतरी टिकवतोय असंही त्याला वाटायचं. म्हणून ती नोकरी गेली की माणसाला दुप्पट लागतं. रोजगार गेल्याचं दुःख असतंच, शिवाय तटावरून खाली उतरल्यासारखं वाटतं. आणि मग बाजारात बघावं तर मराठी काम आटत चाललेलं. कर्नाटकच्या कायद्यात 2024 ला झालेल्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. पाटी करणाऱ्याला कन्नड येत नसेल तर त्याने उरलेल्या 40 टक्क्यांत, तेही इंग्रजीबरोबर वाटून, किती जगायचं?

माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा येळ्ळूरचा आहे. हा भाग तिकडे गेल्याच्या निषेधाचा दर 1 नोव्हेंबरला काळा दिन असतो, त्याच्या सायकल फेरीत त्याचे वडील दर वर्षी असतात. त्याच आठवड्यात त्याला चन्नम्मा सर्कलच्या बाजूच्या एका मंडळाचा राज्योत्सवाचा, म्हणजे त्याच दिवशीच्या कर्नाटक स्थापनादिनाचा, बॅनर करायला आला. तो दोन दिवस जेवला नाही नीट. मी त्याला काय करावं ते सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तो बॅनर नाकारलास तर उपाशी राहण्याइतकी तुझी परिस्थिती नाही, आणि घेतलास तर मराठी मरण्याइतकी तिची नाही. त्याने तो बॅनर सोडला, आणि बाकीची कन्नड कामं घ्यायला लागला. लग्नपत्रिका, हॉटेलची मेनूकार्डं, एका शाळेचं गॅदरिंगचं पुस्तक. वडील महिनाभर गप्प होते. मग त्यांनीच विचारलं, पाणीपट्टीच्या नोटिशीत काय लिहिलंय ते वाचून दाखव.

मी स्वतः पन्नाशीच्या जवळ ‘नुडी’ या सॉफ्टवेअरवर कन्नड टाइप करायला शिकलो. दोन महिने बोटं रडली. माझं कन्नड बोलणं अजून भाजी मंडईच्या पलीकडे जात नाही, पण कन्नड ओळ कुठे तोडायची आणि ‘ಒತ್ತಕ್ಷರ’ ज्याला ते म्हणतात, ते खालचं जोडाक्षर, ओत्तक्षर, कुठे अंगावर येतं, हे मला दिसतं. डोळा तोच आहे. तो मराठी पानांवर तयार झाला, म्हणून कन्नड पानावर आंधळा होत नाही. हे कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की नोकरीने माझ्याकडून नेलं ते टेबल. डोळा माझ्याबरोबर घरी आलाय.

आता कॉम्प्युटरच डिझाइन करतो, मजकूरही लिहितो. मग आपली किंमत ती काय?

मला याचं गोड उत्तर देता येत नाही, कारण या गोष्टीत मी दोन्ही बाजूंना उभा राहिलोय.

नव्वदीच्या दशकात मी एका छापखान्यात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, शिकून लागलो, पेपरच्या आधी. तिथे एक वयस्क कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, हाताने जुळवायचे. उलटी अक्षरं सुलटी वाचल्यासारखी वाचायचे. मी ‘श्रीलिपी’ या सॉफ्टवेअरवर जे काम दुपारी संपवायचो त्याला त्यांना तीन दिवस लागायचे. मालकांनी खिळे भंगारात विकले, किलोवर. त्यांना काय दिलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पुढे बरीच वर्षं ते संध्याकाळी छापखान्यात यायचे, उभ्या उभ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, म्हणजे उलट्या दिशेने, माझं प्रुफ वाचायचे आणि बोट ठेवायचे. “हितं काना राहिला.” मी हसून दुरुस्त करायचो. ते असे रोज का येतात याचा मी विचार केला नाही. 2020 नंतर केला.

पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्सने घालवले. फ्लेक्सवाल्याच्या हातातलं काम आता मोबाइलवर होतंय. यात कुणाचा हात कमी पडला म्हणून काम गेलं असं एकदाही झालं नाही. यंत्र स्वस्त होतं म्हणून गेलं. दोन्ही गोष्टींत फरक आहे आणि तो रोज सकाळी स्वतःला सांगावा लागतो, कारण मन पहिलीच गोष्ट धरून बसतं.

काय टिकलंय ते सांगतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेला की जोडाक्षरं फुटतात, ती बघणारा माणूस लागतो. मृत्यूच्या बातमीत मयताच्या सुनांची नावं कुठल्या क्रमाने यावीत, हे यंत्राला कळत नाही, आणि चुकलं तर बाराव्याला भांडण होतं. हाताने रंगवायला अजून गणपती आहेत, शाळांच्या भिंती आहेत. हे थोडं आहे. थोडं आहे म्हणूनच सांगितलं, उगाच फुगवून सांगणारे कोर्सवाले भरपूर आहेत.

मंडळं, नातेवाईक, संमेलनं सगळे फुकट काम सांगतात. केलं तर बरं वाटतं, नंतर चिडचिड होते.

होणारच. नोकरी नसताना कुणी “तुझ्याशिवाय होणार नाही बघ” म्हटलं की माणूस विरघळतो. पहिल्या वर्षी मी अकरा कामं फुकट केली. त्यात एका गणेश मंडळाची अहवाल पुस्तिका, दोन साखरपुडे आणि मेव्हण्याच्या मित्राच्या कुंद्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईच्या, डब्याचं लेबल होतं. लेबलाबद्दल अर्धा किलो कुंदा मिळाला. कुंदा चांगला होता, तक्रार नाही.

पण कडोलीच्या संमेलनाला दरवर्षी जाणारा माणूस म्हणून मला हेही माहीत आहे की सीमाभागातली ही ग्रामीण साहित्य संमेलनं अशाच लोकांच्या जिवावर उभी आहेत. गावातले शेतकरी, शिक्षक मांडव घालतात, ग्रंथदिंडी काढतात, पाहुण्यांना जेवू घालतात. तिथे जाऊन स्मरणिकेचे दर सांगणं माझ्या जिवावर येतं. मग मी असं करतो: वर्षाला दोन कामं विनामोबदला, आणि ती जानेवारीतच ठरवून टाकतो. त्यांचंही बिल करतो. पूर्ण रकमेचं. खाली ‘देणगी म्हणून वजा’ असं लिहून शून्य काढतो. घेणाऱ्याला कळतं की हे नऊ हजाराचं काम होतं. मलाही कळतं, आणि मला कळणं जास्त गरजेचं होतं.

बाकीच्यांना दर सांगायचा. सांगताना आवाज खाली जातो, मला अजून जातो. व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा.

मी अल्बम डिझाइन करायचे. स्टुडिओ बंद पडला. घरचे म्हणतात, बरं झालं, आता घराकडे बघ. माझं काही गेलंय असं कुणाला वाटतच नाही.

ताई, तुमचा प्रश्न मला तिघींनी विचारलाय, निपाणीच्या एकीने तर जवळजवळ याच शब्दांत. पुरुषाची नोकरी गेली की घर सुतकात असल्यासारखं वागतं. निदान त्याचं गेलंय हे सगळ्यांना मान्य असतं. तुमचं गेलंय हेच नाकारतात, मग सावरायला जागा कुठून मिळणार?

मला सुचलं ते सांगतो, पुरुषाचं सांगणं म्हणून त्यातून वजाबाकी करून घ्या. आधी टेबल मिळवा. घरात एक टेबल, ज्यावर कणीक, औषधं, मुलांची दप्तरं येणार नाहीत. दुसरं, अकरा ते दोन अशी वेळ. काम असो नसो, बसायचं. काम नसेल तेव्हा जुन्या अल्बममधले वाईट स्प्रेड पुन्हा लावायचे. निपाणीच्या त्या बाईंनी हेच केलं. सासूबाई पहिले पंधरा दिवस मधेच हाका मारायच्या. मग एकदा त्यांनी आलेल्या पाहुणीला बाहेरच थांबवलं, “ती कामाला बसल्या, दोनला येईल.” त्या दिवशी काम काहीच नव्हतं, हे त्या निपाणीच्या बाईंनी मला हसत सांगितलं.

लोक कुमार गंधर्वांचं उदाहरण देतात. मला त्याने जास्तच लहान वाटतं.

मलाही वाटायचं. त्यांचं जन्मगाव सुळेभावी आपल्या शेजारचं, म्हणून ते उदाहरण आपल्याला दर आठवड्याला मिळतं. क्षयाने पाचेक वर्षं गाणं बंद, देवासच्या घरात पडून माळव्याची लोकगीतं कानावर, आणि मग नवं गाणं घेऊन उभे राहिले. खरं आहे सगळं. पण माझ्या पानाच्या मार्जिनची त्यांच्या षड्जाशी तुलना करून कुणाचंच भलं होत नाही. मला त्यापेक्षा इंदिरा संतांची आठवण जास्त उपयोगी पडली. इतकी मोठी कवयित्री, तरुणपणी वैधव्य आलेलं, मुलं लहान, आणि बेळगावात अध्यापन महाविद्यालयात वर्षानुवर्षं नोकरी. कविता आणि पगार ही दोन वेगळी खाती ठेवता येतात, एवढंच मी त्यातून घेतलं.

फ्लेक्स, जाहिराती ही काही खरी कला नव्हे, मग एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं म्हणतात.

म्हणणाऱ्याला सांगा, चित्रकार रवी परांजपे बेळगावचे. के. बी. कुलकर्णींकडे शिकले आणि मुंबईत जाऊन जाहिरातींसाठीच चित्रं काढली. पुढचं त्याला शोधू द्या.

पुण्या-मुंबईला जाऊ का?

वय तिशीच्या आत असेल आणि खोलीभाडं आठ महिने भरता येत असेल तर जा. पुणं साडेतीनशे किलोमीटर आहे, चंद्रावर नाही. फक्त ‘इथे माझी किंमत नाही’ म्हणून जाऊ नका. तिथेही पहिल्याच आठवड्यात कुणीतरी “तुम्ही बेळगावचे का? बोलण्यावरून वाटलं” असं विचारून मोजायला सुरुवात करेल.

हे सगळं ठीक, पण मला जगायचाच कंटाळा आलाय.

मग हे पान वाचत बसू नका. 14416 हा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं. रात्री एकलाही. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकाराची ओपीडी आहे, धारवाडला मोठं सरकारी मानसिक आरोग्य संस्थेचं हॉस्पिटल आहे, दीड-दोन तासांचा रस्ता. कुणालातरी बरोबर न्या. मी गेलो होतो, माझ्या बरोबर बायको होती. तिने बसमध्ये एक शब्दही विचारला नाही, येताना कित्तूरला उतरून चहा पाजला. गोळ्या सात महिने घेतल्या.

व्हिजिटिंग कार्डावर काय छापू?

नाव, मोबाइल, आणि करता ती कामं. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही लिपींत. हुद्दा नको. ‘माजी’ तर अजिबात नको. आणि छापण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. माझ्या पहिल्या शंभर कार्डांवर ‘मुद्रितशोधन’ या शब्दातली वेलांटी दीर्घ पडली होती. वाचनालयातल्या बाईंनी दाखवली, पेन्सिलीने रेघ मारून. मागची बाजू कोरी आहे, किराणाची यादी लिहायला पुरतात.